टायटॅनियममध्ये टूल झिजतंय की फुटतंय?

प्रश्न थोडक्यात असा आहे. ग्रेड ५ टायटॅनियमच्या (ॲल्युमिनियम-व्हॅनेडियम मिसळलेल्या अलॉयच्या) ब्लॉकमध्ये २० मिमी खोल पॉकेट, म्हणजे खाचा, काढायचं आहे. टूल १२ मिमीचं, चार दातांचं सॉलिड कार्बाइड एंडमिल, १८५० आरपीएम, सहा-सहा मिमीचे थर. सुरुवातीला फीड (टूल पुढे सरकण्याचा वेग) मिनिटाला ४४० मिमी होता. टूल उडायला लागलं म्हणून तो २२० वर आणला, तर हाल आणखी वाढले. कधी एका टूलमध्ये पाच जॉब निघतात, कधी दुसऱ्याच जॉबला टूलचा कोपरा जातो. महागडं कोटिंग घेऊनही फरक पडला नाही. तर टायटॅनियममध्ये सगळ्यात जास्त टिकणारं कोटिंग कोणतं?

कोटिंगबद्दल पुढे बोलतो, पण मला यातला खरा प्रश्न वेगळा दिसतो, आणि तो तुमच्याच एका वाक्यात आहे: ‘कधी पाच, कधी दोन.’ झीज शिस्तीत होते. तेच मटेरियल, तोच प्रोग्राम, तेच कूलंट असेल तर झिजून मरणारी टूल्स साधारण सारख्याच वेळाने मरतात. चौथ्या जॉबला गेलं, नाहीतर पाचव्याला. आयुष्य जेव्हा दुपटी-तिपटीने खालीवर होतं तेव्हा धार झिजत नसते, तिचे तुकडे उडत असतात. तुम्ही लिहिलंय की कोपऱ्याजवळ बारीक तुकडे निघालेले दिसतात आणि धारेवर चकचकीत रुपेरी थर चिकटलेला असतो. म्हणजे चित्र पुरेसं स्पष्ट आहे. झिजणं आणि फुटणं हे दोन वेगळे आजार आहेत आणि बऱ्याचदा एकाचं औषध दुसऱ्याला बाधतं. फीड कमी करून तुम्ही नेमकं तेच केलंत.

आता हे का होतं ते सांगतो, कारण कारण कळलं की आकडे पाठ करावे लागत नाहीत.

टायटॅनियम फार कडक आहे म्हणून टूल खातं, हा समज मोडीत काढा. ग्रेड ५ ॲनिल्ड (तापवून हळूहळू गार केलेल्या) अवस्थेत कडकपणाच्या मापावर साधारण ३६ एचआरसीच्या आसपास असतं. तेवढ्या कडकपणाचं हार्डन-टेम्पर केलेलं पोलाद तुम्ही आरामात कापता. फरक उष्णतेचा आहे. ग्रेड ५ ची उष्णतावहन क्षमता सुमारे ६.७ वॉट प्रति मीटर-केल्विन आहे, तर साध्या मध्यम कार्बन पोलादाची ५० च्या घरात. पोलादात बरीचशी उष्णता चिपबरोबर (कापून निघणाऱ्या किसाबरोबर) निघून जाते. टायटॅनियममध्ये चिप आणि जॉब दोघेही ती घेत नाहीत, त्यामुळे मोठा वाटा टूलमध्ये शिरतो. ८० टक्क्यांपर्यंतचा आकडा सर्रास सांगितला जातो. त्यात चिप टूलच्या तोंडावर फार थोड्या लांबीत टेकते. म्हणजे उष्णता जास्त, दाबही जास्त, आणि दोन्ही अगदी धारेच्या टोकाला. पोलादात चिपने झिजून टूलच्या तोंडावर पडणारा खड्डा धारेपासून जरा मागे असतो, इथे तो धारेला खेटून पडतो आणि तिच्या पाठीमागचा आधारच काढून घेतो.

वर रसायनाचा भाग आहे. साधारण ५०० अंश सेल्सिअसच्या वर टायटॅनियम कशाशीही जमवून घ्यायला तयार होतं. कार्बाइडमधला कार्बन आणि कोबाल्ट चिपमध्ये झिरपतात आणि चिप धारेला अक्षरशः वेल्ड होते. टर्निंगमध्ये कट अखंड चालू असतो, तिथे हा चिकटलेला थर बराच वेळ टिकून राहतो. मिलिंगमध्ये मात्र दात दर फेरीला बाहेर पडतो आणि पुन्हा आत शिरतो. बाहेर पडताना चिकटलेली चिप सोबत येते, आत शिरताना ती आपटून निघते, आणि निघताना कार्बाइडचा कण घेऊन जाते. तुमच्या धारेवरच्या रुपेरी थराचा आणि उडालेल्या तुकड्यांचा संबंध हा असा आहे.

तिसरी गोष्ट लवचिकपणाची. ग्रेड ५ चा यंग्ज मोड्युलस (ताठपणाचं माप) ११४ गिगापास्कलच्या आसपास आहे, पोलादाच्या जेमतेम निम्मा. धार दाबते तेव्हा जॉबचा पृष्ठभाग दबून मागे सरतो आणि धार पुढे गेली की परत वर येऊन टूलच्या पाठीवर घासतो. म्हणून टायटॅनियमच्या टूलला क्लिअरन्स (धारेमागची मोकळीक) जरा जास्त आणि धार तीक्ष्ण लागते. म्हणूनच पातळ भिंतीवर जे हलक्या हाताने चाललंय असं वाटतं, ते प्रत्यक्षात घासणं असतं.

आता तुमच्या आकड्यांकडे येतो. १८५० आरपीएम आणि १२ मिमी म्हणजे मिनिटाला जवळपास ७० मीटर. २२० फीड म्हणजे दर दाताला ०.०३ मिमी. कोटिंग केलेल्या नव्या टूलची धारही अगदी शून्याला टेकलेली नसते. तिला मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास गोलाई असते. चिपची जाडी त्या गोलाईच्या जवळ आली की धार कापायचं सोडून मटेरियल चेपायला लागते. तुम्ही भिंतीवर ०.३ मिमी ठेवून फिनिश घेता असं लिहिलंय. तिथे दाताला ०.०३ दिलं तरी चिपची प्रत्यक्ष कमाल जाडी तेवढी नसते. टूलच्या व्यासाच्या मानाने कट अरुंद झाला की चिप पातळ होत जाते. ०.३ रुंदीला ती ०.०३ च्या साधारण ३१ टक्के भरते, म्हणजे ०.००९ मिमी. एवढ्या जाडीला तुमचं टूल पॉलिश करतंय, कापत नाहीये. घासलं की उष्णता, उष्णता आली की चिकटणं, चिकटलं की तुकडा.

रनआऊट (टूल फिरताना टोक मध्यापासून किती हलतं ते) मोजलाय का? होल्डरसह टूल स्पिंडलला लावून, डायल दातांच्या वरच्या सरळ शँकवर न धरता टोकाजवळ धरून. तिथे ०.०२ येत असेल (टूल पकडणाऱ्या जुन्या कोलेटला सहज येतो) तर ०.०३ च्या फीडला एक दात ०.०४५ च्या आसपास चिप घेतो आणि दुसऱ्याच्या वाट्याला जेमतेम ०.०१५ येते. चारपैकी एक मरतो ओझ्याने, दुसरा घासून. पोलादात हे खपून जातं, इथे नाही. चारही दात भिंगाखाली एकेक करून बघा. एकच दात फुटलेला आणि बाकीचे बरे असतील तर कोटिंगचा कॅटलॉग बंद करा आणि होल्डर बदला.

आता रफिंग (जास्तीचं मटेरियल आधी झपाट्याने काढणं), कारण खरं नुकसान तिथे होतंय. पॉकेटमध्ये पहिला मार्ग पूर्ण रुंदीचा स्लॉट असतो. दात अर्धी फेरी कटमध्ये असतो. १८५० आरपीएमला एक फेरी ३२ मिलिसेकंदांची. त्यातले १६ मिलिसेकंद तापायला आणि १६ निवायला. त्यानंतरचे मार्ग निम्म्या रुंदीचे असतील तर संपर्काचा कोन ९० अंशांवर येतो. बरं वाटतं. पण टूल कोपऱ्यात शिरलं की आधीच्या कोनात वळणाचे ९० अंश भर पडतात आणि क्षणभर पुन्हा १८० होतात. म्हणजे चार कोपरे म्हणजे चार छोटे स्लॉट, तेही टूल वळताना. तुमच्या टूलचा कोपरा तिथेच जातोय यात मला काही नवल वाटत नाही. आवाज लक्ष देऊन ऐकलात तर कोपऱ्यावर तो बदललेला कळेल.

यावर माझी पद्धत अशी: रुंदी कमी, खोली जास्त. १२ मिमीच्या टूलला १.२ मिमी रुंदी दिली की संपर्काचा कोन ३७ अंशांवर येतो. दात फेरीचा फक्त दहावा भाग कटमध्ये असतो, बाकी नऊ भाग कूलंटमध्ये. त्यामुळे स्पीड वाढवायला जागा मिळते. चिप मात्र पातळ होते (१० टक्के रुंदीला दिलेल्या फीडच्या ६० टक्के), म्हणून फीड वाढवावाच लागतो. मी सुरुवात ८० मीटरपासून करेन: साधारण २१२० आरपीएम, दाताला ०.०९, म्हणजे मिनिटाला सुमारे ७६० मिमी फीड. चिपची कमाल जाडी ०.०५४ येते, धार व्यवस्थित चावते. २२० वर घाबरलेल्या माणसाला ७६० ऐकून धडकी भरेल, मान्य. पण हिशेब तपासून बघा. दाताचं ओझं तुमच्या पहिल्या ४४० च्या फीडमधल्या ०.०६ पेक्षा किंचित कमीच आहे, आणि तापायला मिळणारा वेळ १६ वरून ३ मिलिसेकंदांच्या आत आला.

खोलीचं म्हणाल तर १८ मिमी एकाच वेळी घ्या आणि तळाला दोन मिमी नंतरसाठी ठेवा. सहा-सहाच्या थरांमध्ये टूलचा खालचा सहा मिमी भाग सगळं काम करतो आणि वरची विकत घेतलेली धार नुसती बघत राहते. १.२ गुणिले १८ गुणिले ७६० म्हणजे मिनिटाला १६ घन सेंटीमीटरच्या थोडं वर. तुमच्या पूर्ण स्लॉटमध्येही जवळपास तेवढंच निघत होतं. म्हणजे वेग गमावला नाही, फक्त तीच झीज तिप्पट लांबीच्या धारेवर पसरवली.

हे करताना काही पथ्यं. कॅममध्ये (टूलचा मार्ग बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) असा मार्ग निवडा जो कोपऱ्यातही कोन वाढू देत नाही. ट्रोकॉइडल किंवा ॲडाप्टिव्ह, तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये जे नाव असेल ते. टूलच्याच त्रिज्येचा कोपरा असेल तर तो या टूलने भरू नका, लहान टूलने काढा. आणि क्लाइंब मिलिंगच करा, म्हणजे चिप जाड सुरू होऊन पातळ संपते. दात पातळ चिपेतून बाहेर पडला की चिकटलेलं ओझं कमी आणि आपटणंही कमी. कटमध्ये शिरताना सरळ धडकण्याऐवजी गोलाकार वळणाने शिरलात तर पहिल्या धक्क्यातच जे तुकडे उडतात ते वाचतात. आत उतरायला सरळ प्लंज नको. हेलिकल रॅम्प (गोल फिरत तिरकं उतरणं) घ्या, आधी ड्रिलने भोक पाडून घेतलंत तर त्याहून उत्तम.

हे सगळं कशावर अवलंबून आहे, तेही सांगायला हवं. १८ मिमी खोली घ्यायला मशीन आणि पकड दणकट हवी. टूल बाहेर किती काढलंय ते बघा. ३६ ऐवजी ४८ मिमी बाहेर असेल तर वाकणं सुमारे २.४ पट होतं, कारण ते लांबीच्या घनाने वाढतं. हेलिक्समुळे टूल होल्डरमधून खाली ओढलं जातं आणि टायटॅनियममध्ये ही ओढ चांगलीच असते. साध्या ईआर कोलेटमध्ये टूल हळूहळू सरकून पॉकेट खोल जाताना मी पाहिलंय. साइड-लॉक, किंवा ओढ थोपवण्याची सोय असलेला श्रिंक-फिट वा हायड्रॉलिक होल्डर असेल तर बिनधास्त. नसेल तर खोली १२ वर आणा, उरलेला हिशेब तसाच ठेवा. मशीन हलकं असेल आणि चॅटर (कापताना थरथर) येत असेल तर आधी खोली कमी करा, दाताचा फीड सगळ्यात शेवटी. बहुतेक जण याच्या उलट करतात.

मटेरियल खरंच ग्रेड ५ आहे ना, तेही पाहून घ्या. शुद्ध टायटॅनियम, म्हणजे ग्रेड २ वगैरे, मऊ पण चिवट असतं. तिथे बिल्ट-अप एज (धारेवर चिकटून साचणारा थर) जास्त. टीआय-५५५३ किंवा टीआय-१०-२-३ सारखे बीटाकडचे अलॉय आले तर वरचे स्पीड विसरा, बरंच खाली यावं लागतं. ब्लॉक फोर्ज केलेला असेल आणि वरची काळपट कातडी काढलेली नसेल तर तीत ऑक्सिजन मुरून तयार झालेला कडक, ठिसूळ थर असतो, त्याला अल्फा केस म्हणतात. तिच्यावरून हलका हात फिरवणं हा टूल मारण्याचा खात्रीचा उपाय. पहिलाच कट कातडीच्या खाली जाईल एवढा घ्या, आणि तो वेगळ्या, जुन्या टूलने.

कूलंटला इथे भरपूर जागा द्यायला हवी. स्पिंडलमधून येणारं ७० बारचं कूलंट असेल तर टूलचं आयुष्य स्पष्टपणे वाढतं, कारण एवढ्या दाबाला पाणी वाफेची चादर फाडून धारेपर्यंत पोहोचतं आणि चिपही बाहेर फेकली जाते. सगळ्यांकडे ते नसतं. साधं फ्लड असेल तर निदान दोन नळ्या, दोन बाजूंनी, आणि धार चिप सोडते तिथे रोखलेल्या. होल्डरवर पाणी घालून काही होत नाही. इमल्शन (पाण्यात मिसळलेलं कूलंट तेल) ८ ते १० टक्के ठेवा आणि रिफ्रॅक्टोमीटरने मोजा, रंगावरून अंदाज नको. पॉकेटमध्ये साचलेल्या चिपा पुन्हा दाताखाली येणं हे फुटण्याचं आणखी एक कारण, आणि खोल पॉकेटमध्ये ते फार वेळा नजरेतून सुटतं. एक जॉब मध्येच थांबवून आत बघा. चिपा तळाला साचलेल्या दिसल्या तर हवेचा किंवा पाण्याचा जोर तिकडे वळवा. आणि कूलंट अर्धवट, थांबून-थांबून येत असेल तर ते सर्वांत वाईट. तापलेल्या कार्बाइडवर अधूनमधून गार पाणी म्हणजे धारेला आडव्या भेगा.

आता कोटिंग. तुम्ही विचारलंय म्हणून सांगतो, पण क्रमाने ते खरोखर इतकं खाली येतं. मिलिंगसाठी पीव्हीडीने (वाफेतून थर बसवण्याच्या पद्धतीने) चढवलेलं पातळ एएलटीआयएन (ॲल्युमिनियम टायटॅनियम नायट्राइड) किंवा त्याच घराण्यातलं कोटिंग ठीक चालतं. कमी स्पीडला कोटिंग नसलेलं, बारीक दाण्याचं, साधारण ६ टक्के कोबाल्टचं के गटातलं (मूळ बिडासाठीचं) कार्बाइडसुद्धा चांगलं काम करतं; टर्निंगमध्ये तर ते आजही पक्कं आहे. पोलादासाठीचे पी गटातले इन्सर्ट (बदलता येणारी कार्बाइडची पाती) टाळा. त्यांतलं टायटॅनियम कार्बाइड इथे उपयोगाचं नाही, ते लवकर खड्डा पाडतं. जाड सीव्हीडी (रासायनिक वाफेतून बसवलेलं) कोटिंग धार बोथट करतं. सिरॅमिक टायटॅनियमशी रिॲक्ट होतं, त्याच्या वाटेला जाऊ नका. पीसीडी (कृत्रिम हिऱ्याची धार) फिनिशिंगला सुरेख चालतं, पण रफिंगमध्ये फुटतं. इन्सर्ट घेताना डब्यावर एस गट (टायटॅनियम आणि उष्णतारोधक अलॉयसाठीचा) लिहिलेला बघा. ब्रँडपेक्षा ते जास्त महत्त्वाचं.

टूल कधी बदलायचं? टायटॅनियममध्ये झिजीचा शेवटचा टप्पा फार झटपट येतो. पाठीवरचा झिजलेला पट्टा ०.१५, ०.२ असा हळूहळू वाढतो, आणि त्यानंतर काही मिनिटांत टूल जातं. प्रयोगशाळेतल्या टर्निंगच्या चाचण्यांत आयएसओ ३६८५ प्रमाणे सरासरी ०.३ मिमी ही मर्यादा धरतात. जॉब महाग असेल तर मी ०.२ लाच काढतो. जॉबच्या संख्येऐवजी कटमधली मिनिटं मोजा. एका जॉबमध्ये टूल किती मिनिटं कापतं ते मशीनवरच दिसतं. आणि धारेवरचा रुपेरी थर खरी झीज झाकून ठेवतो हे लक्षात असू द्या. प्रयोगशाळेत तो हायड्रोफ्लुओरिक आम्लाने विरघळवतात. शॉपमध्ये हे अजिबात करू नका, ते आम्ल जीवघेणं आहे. तांब्याच्या पट्टीने हळूच खरवडून जेवढं निघेल तेवढं काढा आणि भिंगाखाली बघा.

एकदा फुटणं थांबलं आणि टूल्स सारख्या वेळाने मरायला लागली की मग स्पीडशी खेळा, त्याआधी नको. स्पीडचा परिणाम फार तीव्र असतो. टेलरच्या सूत्रात (स्पीड आणि टूलचं आयुष्य जोडणाऱ्या) घातांक ०.२५ धरला तर स्पीड २० टक्के वाढवल्यावर आयुष्य निम्म्याच्याही किंचित खाली येतं. त्याच सूत्राने १० टक्के कमी केलात तर आयुष्य दीडपट होतं. घातांक टूल आणि मटेरियलप्रमाणे बदलतो, तो तुमच्या दोन चाचण्यांतून काढा. पण दिशा हीच राहते.

तुम्ही शेवटी ओझरतं लिहिलंय की लेथवरही डेप्थच्या (कटच्या खोलीच्या) रेषेवर इन्सर्टला खाच पडते. तिचं कारण वेगळं आहे. तिथे कातडी, बर (कडेला उरलेली धातूची कणी) आणि हवा तिघं एकाच रेषेवर भेटतात. इन्सर्टचा लीड अँगल (धार जॉबला किती तिरकी लागते तो कोन) वाढवा किंवा गोल इन्सर्ट घ्या, आणि प्रत्येक पासला डेप्थ थोडी बदला, म्हणजे खाच एकाच जागी खोल होत नाही.

एक सुरक्षेची गोष्ट, विषयाबाहेरची असली तरी. बोथट टूल, कमी फीड आणि पातळ चिपा एकत्र आल्या की टायटॅनियम पेट घेऊ शकतं. तुमच्या फिनिश पासच्या ०.००९ मिमीच्या चिपा त्याच जातीच्या आहेत. मशीनमध्ये त्यांचा ढीग साचू देऊ नका, आणि जवळ धातूच्या आगीसाठीचं डी क्लास अग्निशामक किंवा कोरडी वाळू ठेवा. पेटलेल्या टायटॅनियमवर पाणी मारायचं नाही.

आता करायचं कसं, तर सगळं एकदम बदलू नका. आधी रनआऊट, तो ०.०१ च्या आत आणा. मग जुन्याच टूलने रफिंगचा मार्ग बदलून एक जॉब काढा आणि चारही दातांचे फोटो घ्या. नंतर फिनिशसाठी वेगळं टूल लावा, भिंतीवर ०.५ ठेवा आणि दाताला निदान ०.०६ द्या. दुसऱ्या जॉबनंतर कोपऱ्यात तुकडा दिसला तर होल्डरचा प्रकार, टूल बाहेर किती आहे आणि कूलंटचा दाब या तीन गोष्टी फोटोसोबत लिहा, मग पुढचं सांगता येईल.